कुसुंबी लुगडं नेमकं कोणत्या रंगाचं होतं?

थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून आसावली वेलबुट्टीचे दुपट्टे मागवले, तेव्हा रंगही नावानिशी कळवले होते: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी. पाचही नावं आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत. एकासाठीही कोश उघडावा लागत नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. ओळखीचं नाव वाचलं की आजच्या साडीच्या दुकानातला त्या नावाचा रंग डोळ्यांसमोर येतो आणि तोच आपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या रेशमाला चढवून टाकतो.

संग्रहालयातल्या वस्त्राची नोंद करणारा, ऐतिहासिक नाटकाचे पोशाख शिवणारा, किंवा पणजीचं लुगडं ट्रंकेतून काढून त्याचा रंग लिहून ठेवू पाहणारा, या सगळ्यांची अडचण एकच असते. हातात जुनं नाव आहे आणि समोर विटलेलं कापड, पण दोन्हींचा मेळ बसत नाही. हा मेळ घालायचा असेल तर नावाला पहिला प्रश्न ‘छटा कोणती?’ हा विचारून चालत नाही. हे कशानं रंगवलं, कोणत्या धाग्यावर आणि कोणत्या काळात, हे आधी विचारावं लागतं. छटा त्यानंतर आपोआप समोर येते.

डाळिंबीच घ्या. डाळिंबाचे दाणे लाल, फूल शेंदरी झाक असलेलं लाल. पण डाळिंबाची साल उकळून कापड रंगवलं तर ते पिवळं होतं आणि त्या पाण्यात लोखंडाचा अंश आला तर हिरवट काळपट. म्हणजे रंगाऱ्याच्या घरात डाळिंबाची साल असायची ती पिवळ्यासाठी आणि काळ्यासाठी. डाळिंबी रंगाशी तिचा संबंध नव्हता. डाळिंबी रेशमाचा लाल लाखेतून किंवा मंजिष्ठाच्या मुळांतून यायचा, नाव मात्र दाण्यांवरून पडलं. केशरीचंही तसंच. केशर घालून दुपट्ट्यांचे गठ्ठे रंगवणं कोणत्याही सरकाराला परवडलं नसतं. केशरी रंग हळदीवर तांबड्याचा हात देऊन किंवा पारिजातकाच्या देठांतून काढत. जांभळ्या लुगड्यात जांभूळ नसतं; त्यात नीळ आणि लाल एकावर एक दिलेले असतात. याउलट हळदी रंग खरोखरच हळदीचा आणि कुसुंबी खरोखरच कुसुंब्याचा. नाव फळाफुलाचं दिसलं म्हणून रंग त्याच फळाफुलातून आला असं धरता येत नाही, आणि नेहमीच आला नसेल असंही नाही. प्रत्येक नाव वेगळं जोखावं लागतं.

जुन्या मराठी रंगनावांत तीन-चार कुळं मिसळलेली आहेत. कुसुंबी, मंजिष्ठी, पतंगी, लाखी, किरमिजी ही नावं रंगद्रव्यावरून आली. ती कापडात काय मुरलंय ते थेट सांगतात आणि अभ्यासकाला सगळ्यात जास्त उपयोगाची आहेत. अंजिरी, वांगी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, मोतिया, राघू ही सादृश्यावरून पडलेली नावं. ती डोळ्याला पटतात, पण कृती लपवतात. चंद्रकळा, अष्टपुत्री, शिरोदक, आलवण यांची जात वेगळीच आहे. चंद्रकळा म्हटलं की काळं अंग, तांबडा काठ आणि संक्रांतीचा सण हे सगळं एकत्र येतं; त्यातून नुसता ‘काळा’ वेगळा काढला तर निम्मी माहिती वाया जाते. आलवण म्हटलं की विधवेच्या अंगावरचं, विनाकाठाचं तांबडं वस्त्र. हा तांबडा आणि नवरीच्या अंगावरचा तांबडा एकाच मुळातून निघालेला असला तरी नोंदीत दोघांना एकच शब्द लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. तो रंग कोण नेसत होतं आणि कुणावर लादला होता, हाही त्या नावाचा अर्थच आहे.

चौथं कूळ दख्खनच्या दरबारांतून आलेलं: अस्मानी, फिरोजी, बदामी, पिस्तई, नारिंगी, गुलाबी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘आइने अकबरी’त शालींच्या रंगांची भलीमोठी यादी दिली. तीत बदामी, अंगुरी, पोपटी, पिस्तई, आंब्याच्या रंगाची, कस्तुरीच्या रंगाची अशी नावं भेटतात. नाव देण्याची ही दरबारी पद्धत दक्षिणेत रुळलेली होतीच. आमच्या अहमदपूरचं सांगायचं तर हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत आणि १९८२पासून लातूर जिल्ह्यात. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बिदर-उदगीरच्या पेठेत कानडी-तेलुगू बोलणारा व्यापारी. एकाच निळ्याला इथे दोन-तीन नावं असली तर त्यात नवल नाही. म्हणून मराठवाड्यातलं जुनं कापड ओळखताना केवळ पुण्या-मुंबईकडच्या मराठीच्या आधारानं लिहिलेला कोश पुरत नाही. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाताशी हवेतच, पण त्यांच्याकडे साक्षीदार म्हणून बघावं. निवाडा कापडानंच करायचा.

आता कुसुंबीकडे येऊ. या रंगाशी आमच्या भागाचं नातं जवळचं आहे, पण ते कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. कुसुंबा म्हणजे करडईची फुलं. बालाघाटच्या या पठारावर रब्बीत करडई पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेली. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रेट्यात तिचं क्षेत्र आटलं, तरी ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी पट्ट्या अजून दिसतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. शेतकऱ्याचं लक्ष बोंडातल्या बियांवर आणि तेलाच्या भावावर असतं, आणि ते रास्तच आहे. पण या पिकाची कीर्ती शेकडो वर्षं फुलांमुळे होती. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त वसंतातल्या स्त्रियांची रेशमी वस्त्रं कुसुंब्यानं रंगलेली आहेत. आपल्या शेजारच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या वस्त्रांसाठी स्वतंत्र भाग आहे. कपड्याचा रंग हा दख्खनमध्ये तेव्हापासून जाणकारीनं बोलण्याचा विषय होता.

करडईच्या फुलात दोन रंग असतात आणि सगळी कला त्यांना वेगळं करण्यात आहे. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, जून होता होता नारिंगी आणि सुकताना तांबडं होतं. पाकळीतला बराच मोठा भाग पिवळ्या रंगाचा असतो आणि तो साध्या पाण्यात विरघळतो. तांबडा, ज्याला रसायनशास्त्रात कार्थॅमिन म्हणतात, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणून वाळलेल्या पाकळ्या कुटून फडक्यात बांधायच्या आणि पाण्याखाली चोळत राहायचं. पहिलं पाणी गडद पिवळं निघतं, मग फिकट, मग जवळजवळ स्वच्छ. पिवळा संपला की तो लगदा खारात मळायचा. साजीखार किंवा राखेचं पाणी लागलं की इतका वेळ रुसून बसलेला तांबडा सुटायला लागतो. गाळून घेतलेल्या त्या पाण्यात लिंबू पिळलं की खार मरतो आणि आत टाकलेल्या सुती किंवा रेशमी कापडाला रंग धरतो. हे सगळं गार पाण्यात करायचं. उष्णतेनं हा तांबडा बिघडतो. तुरटीची गरज पडत नाही. आल किंवा मंजिष्ठाला तुरटीशिवाय धाग्यावर पकड घेता येत नाही, तिथे कुसुंबा केवळ खार आणि आंबट यांच्या खेळावर चढतो.

एक हात दिला की फिकी गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवलं की भडक, उजळ तांबडा. आधी हळद देऊन वर कुसुंबा दिला की नारिंगी, केशरी. आधी निळीचा हलका हात देऊन वर कुसुंबा दिला की जांभळ्याच्या छटा. माधवरावांच्या यादीकडे या माहितीनिशी पुन्हा बघा. गुलाबी हा कुसुंब्याचा घरचाच रंग, आणि केशरीतही त्याचा वाटा असणं अगदी शक्य. पाच नावांमागे पाच वेगळी रंगद्रव्यं शोधत बसलो तर फसायला होतं.

पण कुसुंब्याचा जीव छोटा. ऊन लागलं की उडतो, खारात धुतलं की उतरतो. ज्या खारानं तो पाकळीतून सुटला, तोच खार त्याला कापडातूनही सोडवतो. साबण, राख, परटाची भट्टी, सगळ्यांत खारच. म्हणून कुसुंबी वस्त्र जपून नेसायचं आणि फिकं झालं की पुन्हा रंगवून घ्यायचं. आज जुन्या गाठोड्यात जे मळकट गव्हाळी किंवा फिकट पीच वाटणारं कापड मिळतं, ते एके काळी डोळे दिपवणारं असू शकतं. हे तपासायला कापडावर थेंब टाकायची काही गरज नाही, आणि कुणी टाकूही नये. काठ दुमडून शिवलाय तिथे आत डोकावावं. चोळीच्या शिवणीतली दाबून गेलेली किनार, बाहीची आतली घडी, ठिगळाखालचा तुकडा इथे ऊन पोचलेलं नसतं. बाहेर गव्हाळी आणि शिवणीत गुलाबी दिसलं की कुसुंब्याचा संशय पक्का होत जातो. संग्रहालयातल्या मोलाच्या वस्त्राबाबत प्रयोगशाळा काही मिलिमीटर धाग्यावरूनही कार्थॅमिनचा माग काढू शकते.

याच कारणासाठी ऐतिहासिक चित्रपटांतल्या आणि मालिकांतल्या मळखाऊ कपड्यांवर माझा राग आहे. जुना काळ दाखवायचा म्हणून माणसांना मातकट, तपकिरी, करडे कपडे घालतात. जुनी वस्त्रं आज मातकट दिसतात, कारण ती दीडशे-दोनशे वर्षं म्हातारी झाली आहेत. ती नेसली गेली त्या सकाळी कुसुंबी गुलाबी होती, नीळ गर्द होती आणि हळद झळझळत होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरचा उत्सव काढून घेऊन त्यांना कायमच्या धुळीत उभं करणं म्हणजे त्यांच्याबद्दल खोटं सांगणं.

हिरव्याचा धडा वेगळा आहे. एकाच वनस्पतीतून चांगला, टिकाऊ हिरवा निघत नाही, त्यामुळे जुना हिरवा म्हणजे निळीवर हळद किंवा दुसरा एखादा पिवळा. नीळ चिवट, हळद पळपुटी. वर्षं जातात तसा पिवळा उडून जातो आणि खाली निळा उरतो. नोंदीत ‘हिरवा’ आणि कापड निळं, असं दिसलं तर नोंद करणाऱ्याला खोटं पाडायची घाई करू नये. धाग्याच्या खोबणीत, विणीच्या आत पिवळ्याचा अंश शोधावा. राघू रंगाच्या पैठणीत हा फरक भिंगाखाली कधी कधी स्वच्छ दिसतो.

काळा रंग कापडालाच खातो. हिरडा आणि हिराकस यांचा काळा, म्हणजे टॅनिन आणि लोह यांचा संयोग, धागा आतून कमकुवत करतो. जुन्या वस्त्रात नक्षीचा फक्त काळा भाग झिजून जाळी झालेली असेल आणि शेजारचा तांबडा धडधाकट असेल, तर तो काळा लोखंडाचा आहे असं समजावं. गर्द निळीवर चढवलेला काळा तुलनेनं टिकतो, आणि विरळ झाला तर त्यातून निळसर झाक डोकावते. चंद्रकळा नेमकी कोणत्या काळ्याची, हे कधी कधी तिच्या फाटण्यावरूनही कळतं.

तांबड्यात मराठवाडा-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा मोठा वाटा होता तो आलीचा. आल म्हणजे बारतोंडीच्या कुळातलं झाड. त्याच्या मुळ्यांसाठी ते पीक म्हणून लावत, काही वर्षं वाढू देत आणि मग खोल खणून काढत. खारव्याचा जाड तांबडा कपडा हा त्याचाच. हा लाल विटकरीकडे झुकणारा, उन्हापाण्याला न डगमगणारा. जुन्या मराठीतला ‘तांबडा’ वाचताना आधी हा रंग डोळ्यांसमोर आणावा. आजच्या ‘लाल’ साडीचा भडक रंग त्यानंतर.

एकच नाव दोन धाग्यांवर उभं असतं, तो प्रकार पैठणीत आणि इरकलीत पावलोपावली भेटतो. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हलवलं की कापडाचा रंग बदलतो. अशा वस्त्राचा एक रंग लिहिणं शक्यच नसतं. दोन्ही धागे लिहावे लागतात. अहमदपूर, उदगीर, निलंगा या पट्ट्यात म्हाताऱ्या बायांच्या अंगावर इरकल अजून दिसतं. ते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून येतं. त्याचा पदर अंगाच्या ताण्यात फासे गुंतवून जोडतात. त्या जोडणीला टोपे तेनी म्हणतात. त्यामुळे अंग कोणत्याही रंगाचं असलं तरी पदर तांबडाच, त्यात पांढऱ्या नक्षीचे पट्टे. ही सवय कित्येक पिढ्यांची आहे, आणि ओळख पटवताना ती फार कामाला येते. कसं, ते पुढे सांगतो.

त्याआधी काळाची रेघ. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला. १८५९मध्ये मॅजेंटा आला. १८६०च्या दशकाच्या शेवटी मंजिष्ठातला तांबडा, अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार झाला आणि आल-मंजिष्ठाच्या शेतीचा कणा मोडला. १८९७मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात उतरली. काही दशकांत निळारी, भावसार आणि इतर रंगाऱ्यांच्या डेऱ्यांत जुन्या मुळ्यापाल्याऐवजी डब्यातली पूड पडू लागली. नावं मात्र तीच राहिली. सासूला ‘आत्या, हे कुसुंबी आहे का हो?’ असं विचारणाऱ्या सुनेला ‘कुसुंबीच हाय की’ हे उत्तर १९५० सालीही मिळालं असतं, पण त्या कुसुंबीत करडईचा एकही कण नसता. नावाशेजारी काळ लिहिलेला नसेल तर नाव अर्धवटच.

या संक्रमणाच्या तोंडावरचा एक मोठा पुरावा सुदैवानं शिल्लक आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानातल्या कापडांचे सातशे खरे तुकडे कापून अठरा खंडांत लावले आणि त्याचे वीस संच तयार केले. त्यातले सात हिंदुस्थानासाठी होते. बंद खंडांत ऊन पोचलं नाही, त्यामुळे त्यातले रंग पेटीतल्या लुगड्यापेक्षा पुष्कळ ताजे राहिले. १८९६ साली फॉसेट यांनी मुंबई इलाख्यातल्या रंगकामावर पुस्तक लिहिलं, तेव्हा जुनी कृती सांगणारे रंगारी अजून हयात होते. निजामाचा मुलूख त्या इलाख्यात नव्हता, पण कृती सीमा पाळत नाहीत.

आणि कापड उरलेलंच नसेल, फक्त फोटो असेल तर? हैदराबादच्या लाला दीनदयाळांपासून ते तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओपर्यंत जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग वाचता येतो, पण डोळ्यावर विश्वास ठेवून नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश जोरात लागायचा आणि तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही; पिवळ्याबाबतही त्या बऱ्याच आंधळ्या होत्या. म्हणून फिकं निळं लुगडं पांढरं उमटतं, हळदीचं पिवळं काळवंडतं आणि तांबडं तर काळंच येतं. सगळे रंग जवळपास त्यांच्या उजेडाप्रमाणे टिपणाऱ्या काचा १९०६च्या सुमारास निघाल्या आणि स्टुडिओंत रुळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. लग्नाच्या जुन्या फोटोत नवरी काळ्या लुगड्यात दिसली की लोक बुचकळ्यात पडतात, कारण काळं लग्नात चालत नाही. ते पिवळं किंवा तांबडं असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

अशा फोटोत आधी आपल्याला खात्रीनं ठाऊक असलेली गोष्ट शोधावी. कपाळावरचं कुंकू तांबडं असतं. इरकलीचा पदर तांबडा असतो आणि त्यातली नक्षी पांढरी. कुंकू कोळशासारखं काळं आणि पदर काळा-पांढरा आला असेल, तर ती काच तांबड्याला आंधळी होती हे ठरलं. मग अंगाचा काळाही तांबडा, पिवळा किंवा खरोखर काळा, यांपैकी काहीही असू शकतो आणि अंगाचा पांढरा निळा असू शकतो. कुंकू करडं, मध्यम उमटलं असेल तर काच नंतरच्या काळातली, आणि तिच्यातल्या काळ्याला काळं म्हणायला हरकत नाही. एवढं तपासून मगच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव विचारावं. त्यांच्या तोंडून ‘अंजिरी’ आलं तर ताणा-बाणा, साल आणि फोटोतली छटा या तिघांशी ते ताडून बघता येतं.